विश्लेषण : शुगर ‘नॉर्मल’, तरीही धोका? इन्सुलिन प्रतिरोधाचा रिपोर्ट कसा वाचायचा?

कडेगाव तालुक्यातल्या एखाद्या गावात आरोग्य शिबिर भरते. बोटाच्या टोकातून रक्ताचा थेंब घेतला जातो, ग्लुकोमीटरवर ११८ किंवा १२४ असा आकडा उमटतो आणि ‘शुगर नॉर्मल आहे’ असे सांगून पुढच्या माणसाला बोलावले जाते. हे सांगणे खोटे नसते, पण अपुरे असते. त्या क्षणी रक्तात साखर किती आहे, एवढेच त्या थेंबातून कळते. ती साखर तेवढ्यावर रोखून धरण्यासाठी शरीराला किती इन्सुलिन खर्च करावे लागते आहे, हे त्यातून कळत नाही. टाइप-२ मधुमेहाची सुरुवात मात्र अनेकदा तिथूनच, साखर वाढण्याच्या कितीतरी वर्षे आधी झालेली असते.

दुसरीकडे ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये आता फास्टिंग इन्सुलिन आणि ‘होमा-आयआर’ हे आकडेही छापून येऊ लागले आहेत. ते पाहून कोणी घाबरून जातो, तर कोणी निर्धास्त होतो. या तपासण्या नेमके काय सांगतात, काय सांगत नाहीत आणि गावाकडच्या माणसाने त्यांवर पैसे खर्च करावेत का, याचा हा आढावा.

इन्सुलिन प्रतिरोध म्हणजे नेमके काय?

जेवणानंतर रक्तात साखर, म्हणजे ग्लुकोज, वाढते. ते स्नायू आणि चरबीच्या पेशींत शिरावे यासाठी स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन सोडतात. यकृतालाही इन्सुलिनचा निरोप जातो, की आता नवी साखर तयार करू नकोस. स्नायू, यकृत आणि चरबीच्या पेशी या निरोपाला पूर्वीसारखा प्रतिसाद देईनाशा झाल्या की त्या स्थितीला इन्सुलिन प्रतिरोध किंवा इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात.

त्यामागची कारणे अनेक आहेत. पोटाच्या आत, यकृतात आणि स्नायूंत साठलेली चरबी, हालचालींचा अभाव, अपुरी झोप, आनुवंशिकता, तंबाखू आणि काही औषधे, विशेषतः स्टिरॉइड्स, ही त्यांतली प्रमुख. वयात येताना आणि गर्भारपणात प्रतिरोध काही काळ नैसर्गिकरीत्याच वाढतो. म्हणजे इन्सुलिन प्रतिरोध हा स्वतंत्र आजार नाही. ती कमी-जास्त होणारी अवस्था आहे.

साखरेच्या तपासणीत तो लगेच का दिसत नाही?

कारण स्वादुपिंड ती तूट भरून काढते. पेशी दाद देत नाहीत असे दिसले की बीटा पेशी जास्त इन्सुलिन सोडतात. पूर्वी ज्या कामाला ६ युनिट पुरत होती त्याला आता १५ किंवा १८ लागतात, पण काम होऊन जाते. उपाशीपोटीची साखर ९० ते ९५ राहते आणि रिपोर्टवर लाल खूण येत नाही. हे वर्षानुवर्षे चालू शकते. पुढे बीटा पेशी कमी पडू लागल्या की आधी जेवणानंतरची किंवा उपाशीपोटीची साखर थोडी वर सरकते. हा टप्पा म्हणजे पूर्वमधुमेह, म्हणजेच प्रीडायबेटिस. त्यानंतर मधुमेह येतो.

मधुमेह होण्यासाठी दोन गोष्टी घडाव्या लागतात, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. एक म्हणजे पेशींचा प्रतिरोध आणि दुसरी म्हणजे तो भरून काढण्यात स्वादुपिंडाला येणारे अपयश. ज्याचे स्वादुपिंड दणकट आहे तो मोठा प्रतिरोधही बराच काळ निभावून नेतो. ज्याची इन्सुलिन तयार करण्याची ताकद मुळातच बेताची आहे, त्याची साखर थोड्याशा प्रतिरोधानेही वाढते. भारतीयांच्या बाबतीत ही दुसरी बाजू फार महत्त्वाची ठरते.

हा प्रतिरोध मोजतात कसा?

सर्वांत अचूक पद्धत ‘क्लॅम्प’ नावाने ओळखली जाते. राल्फ डी-फ्रॉन्झो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९७९ मध्ये मांडली. त्यात एका शिरेतून ठरावीक वेगाने इन्सुलिन आणि दुसरीतून ग्लुकोज सोडतात. रक्तातील साखर एका पातळीवर स्थिर ठेवायला किती ग्लुकोज लागले, त्यावरून पेशी इन्सुलिनला किती दाद देतात ते कळते. ही तपासणी काही तास चालते आणि ती संशोधनासाठीच वापरली जाते. गावातल्या दवाखान्यात सोडाच, मोठ्या शहरातल्या रुग्णालयातही ती रोजच्या वापरात नसते.

त्याआधी रक्तातले इन्सुलिन मोजणेच अवघड होते, कारण त्याचे प्रमाण अत्यंत सूक्ष्म असते. न्यूयॉर्कमधील रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सारी खुणेच्या साह्याने ते मोजण्याची पद्धत शोधली. या कामासाठी यालो यांना १९७७ चे नोबेल मिळाले. प्रौढ वयात मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्सुलिन कमी नसते, उलट जास्त असते, हे त्यांच्या मोजमापांतून पुढे आले.

आज रिपोर्टवर दिसणारा ‘होमा-आयआर’ हा आकडा १९८५ मध्ये ऑक्सफर्डमधील डेव्हिड मॅथ्यूज आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या गणितातून आला. उपाशीपोटीची साखर आणि उपाशीपोटीचे इन्सुलिन यांचा गुणाकार करून त्याला ४०५ ने भागायचे. ४०५ हा आकडा कुठून आला? साखर ८१ मिलिग्रॅम आणि इन्सुलिन ५ युनिट ही निरोगी तरुण शरीराची स्थिती मानली, तर ८१ गुणिले ५ म्हणजे ४०५. अशा माणसाचा होमा-आयआर बरोबर १ येतो. आकडा जितका १ च्या वर, तितका प्रतिरोध जास्त, असा ढोबळ अर्थ. अनेक ठिकाणी २.५ ही सीमा धरतात, पण वय, वंश आणि लॅबची पद्धत यांनुसार ती बदलते. सर्वांना लागू होईल अशी एकच सर्वमान्य रेषा नाही.

तीन रिपोर्ट काय सांगतात?

समजा, ४० वर्षांच्या तिघांनी एकाच दिवशी, एकाच लॅबमध्ये रक्त दिले. पहिल्याची उपाशीपोटीची साखर ९४ आणि इन्सुलिन ६ आले. ९४ गुणिले ६ भागिले ४०५ म्हणजे सुमारे १.४. इथे काळजीचे कारण दिसत नाही.

दुसऱ्याचीही साखर ९४ च आहे, पण इन्सुलिन १८ आहे. होमा-आयआर सुमारे ४.२ येतो. गंमत अशी, की बऱ्याच लॅब फास्टिंग इन्सुलिनची मर्यादा २५ च्या आसपास छापतात. त्यामुळे साखरही ‘नॉर्मल’ आणि इन्सुलिनही ‘नॉर्मल’ असे दोन्ही आकडे सुटे सुटे बरे दिसतात. दोन्ही एकत्र वाचले तरच कळते, की तीच साखर राखायला याचे स्वादुपिंड पहिल्याच्या तिप्पट इन्सुलिन सोडते आहे.

तिसऱ्याची साखर ११२ आणि इन्सुलिन ७ आहे. होमा-आयआर १.९ येतो, म्हणजे २.५ च्या खाली. फक्त हाच आकडा पाहिला तर हा माणूस दुसऱ्यापेक्षा सुरक्षित वाटेल. प्रत्यक्षात तो पुढच्या टप्प्यावर आहे. साखर ११२ वर गेलेली असताना स्वादुपिंडाने अधिक इन्सुलिन सोडायला हवे होते, पण ते सोडू शकलेले नाही. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या निकषांनुसार उपाशीपोटी १०० ते १२५ हा पूर्वमधुमेह आहे. जागतिक आरोग्य संघटना ही रेषा ११० वर आखते. दोन्ही निकषांनी तिसरा माणूस त्यात बसतो.

पहिला धडा हाच, की इन्सुलिनचा आकडा एकटा वाचायचा नसतो. कमी इन्सुलिन म्हणजे चांगले, असे नेहमीच नसते.

पुण्याजवळच्या सहा गावांतून काय समजले?

हा तिसरा माणूस केवळ कागदावरचा नाही, याचा भक्कम पुरावा महाराष्ट्रातच मिळाला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ सुरू केली. गर्भधारणेच्या आधीपासून महिलांच्या नोंदी ठेवल्या, मग बाळांचे मोजमाप घेतले आणि त्या मुलांचा पाठपुरावा पुढे वर्षानुवर्षे केला.

जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. आपली बाळे लहानखुरी होती, स्नायूही कमी होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. संशोधकांनी या ठेवणीला ‘थिन-फॅट’ असे नाव दिले, म्हणजे दिसायला बारीक आणि आतून चरबीदार. मोठेपणीही हेच चित्र दिसते. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो प्रसिद्ध झाला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३ होता. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. वजनकाट्याला हा फरक दिसत नाही.

या गावांतील मुले १८ वर्षांची झाल्यावर ६१९ जणांची ग्लुकोज पिऊन करायची तपासणी झाली. त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलग्यांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांत साखरेचे प्रमाण बिघडलेले आढळले. त्यांतील बहुतेक पूर्वमधुमेहाच्या टप्प्यावर होते. तपासलेल्या एकूण तरुणांपैकी ४८ टक्के तर कमी वजनाचे होते. म्हणजे लठ्ठपणा हे यामागचे उघड कारण नव्हते. ज्यांची साखर १८ व्या वर्षी बिघडली, त्यांची उपाशीपोटीची साखर सहाव्या आणि बाराव्या वर्षीही इतरांपेक्षा थोडी जास्त होती. वयात येताना वाढलेल्या प्रतिरोधाला पुरे पडेल एवढे इन्सुलिन त्यांची स्वादुपिंडे सोडू शकली नव्हती.

याच अभ्यासातील २००८ मधील निष्कर्षांनुसार, गर्भारपणात ज्या मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन प्रतिरोध सर्वाधिक होता. याचा अर्थ गर्भवतीने फोलिक अॅसिडच्या गोळ्या बंद कराव्यात असा मुळीच नाही. बाळाच्या मज्जासंस्थेच्या वाढीसाठी त्या आवश्यकच आहेत. प्रश्न बी-१२च्या कमतरतेचा आहे आणि दूध-दही, अंडी कमी खाणाऱ्या घरांत ती जास्त आढळते.

कडेगावशी याचा संबंध काय?

उंच ताबुतांच्या मोहरमसाठी ओळखले जाणारे कडेगाव पूर्वी खानापूर तालुक्यात होते. हा सारा पट्टा पर्जन्यछायेतला. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राच्या अशा भागांत माणसे खडी फोडायच्या कामावर होती आणि रोजचे जेवण मोजून मिळत होते. पुढे ताकारी आणि टेंभू उपसा सिंचन योजनांनी कृष्णेचे पाणी वर चढवले. उसाखालचे क्षेत्र वाढले, वांगीला सोनहिरा साखर कारखाना उभा राहिला. मोट आणि बैलाच्या जागी मोटार आणि ट्रॅक्टर आले. शेतावर चालत जाणारा माणूस मोटारसायकलवर जाऊ लागला. भाकरीच्या जोडीला चपाती-भात आणि दिवसातून चार-पाच वेळा साखरेचा चहा आला.

ही प्रगतीच आहे. पण आईच्या पोटात आणि लहानपणी कमी पोषण, मोठेपणी पोटभर अन्न आणि कमी कष्ट, ही साखळी इन्सुलिन प्रतिरोधाला सर्वांत पोषक असते. कमी अन्नाच्या काळात घडलेल्या शरीरात स्नायू आणि बीटा पेशी बेताच्याच असतात. जास्त अन्नाचा भार त्यांच्यावर पुढे पडतो. दुष्काळाच्या वर्षांत जन्मलेली पिढी आज पन्नाशी ओलांडून गेली आहे आणि तिची मुले तिशीत आहेत.

‘मधुमेह हा शहरातला आजार’ ही समजूतही आता टिकत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीत १ लाख १३ हजारांहून अधिक जणांची तपासणी झाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार मधुमेह शहरांत १६.४ टक्के आणि ग्रामीण भागात ८.९ टक्के आहे. पूर्वमधुमेह मात्र शहरांत १५.४ आणि ग्रामीण भागात १५.२ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखाच. पुढच्या रांगेत गाव आणि शहर बरोबरीने उभे आहेत.

मग प्रत्येकाने इन्सुलिनची तपासणी करून घ्यावी का?

नाही. मधुमेह किंवा पूर्वमधुमेह ठरवण्यासाठी फास्टिंग इन्सुलिन सरसकट करावे, असे प्रमुख मार्गदर्शक तत्त्वांत सांगितलेले नाही. त्याची कारणे व्यावहारिक आहेत. वेगवेगळ्या लॅबमधील यंत्रे आणि रसायने वेगळी असल्याने एकाच रक्ताचे दोन आकडे येऊ शकतात. त्याच माणसाचे इन्सुलिन दोन दिवशी वेगळे येऊ शकते. शिवाय ही तपासणी साध्या साखरेच्या तपासणीपेक्षा बरीच महाग पडते आणि तिच्यामुळे उपचार क्वचितच बदलतात. जो बाहेरून इन्सुलिनची इंजेक्शने घेतो, त्याच्या बाबतीत तर होमा-आयआरचा अर्थच लावता येत नाही. पीसीओडी, फॅटी लिव्हर किंवा नेमके निदान होत नसलेल्या काही रुग्णांत डॉक्टर ती सांगतात. तेव्हा ती करावी.

बाकीच्यांसाठी प्रतिरोधाचा माग स्वस्त तपासण्यांतूनही लागतो. लिपिड प्रोफाइलमध्ये ट्रायग्लिसराइड १५० पेक्षा जास्त आणि एचडीएल पुरुषांत ४० किंवा स्त्रियांत ५० पेक्षा कमी असेल, तर ती जोडी इन्सुलिन प्रतिरोधाची ओळखीची खूण आहे. यकृताच्या तपासणीत एसजीपीटी वाढलेले असेल आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर दिसले असेल, तर संशय आणखी बळावतो.

काही खुणांना तर रक्तही लागत नाही. कापडी टेपने बेंबीच्या पातळीवर मोजलेला पोटाचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर असेल, तर भारतीयांसाठी तो धोक्याचा मानतात. मानेवर किंवा काखेत मखमलीसारखा काळसर, जाडसर पट्टा दिसतो. अनेक घरांत तो मळ समजून घासला जातो, पण तो घासून जात नाही, कारण तो मळ नसतो. तो रक्तात इन्सुलिन जास्त असल्याचा बाहेरून दिसणारा पुरावा असू शकतो. शाळकरी मुलांच्या मानेवर असा पट्टा दिसला, तर डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे.

ग्लुकोज पिऊन करायची तपासणी कधी?

उपाशीपोटीची साखर ठीक असूनही जेवणानंतरची साखर बिघडलेली असणे भारतीयांत बरेच आढळते. ते पकडण्यासाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. साखर १४० च्या आत असेल तर ठीक, १४० ते १९९ हा पूर्वमधुमेह आणि २०० किंवा अधिक म्हणजे मधुमेह. ही तपासणी स्वस्त आहे. फक्त वेळ लागतो, दोन तास तिथेच बसून राहावे लागते आणि म्हणूनच ती टाळली जाते.

गर्भवतींसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांदरम्यान करायची असते. त्यासाठी उपाशी असण्याची अट नाही. गर्भारपणात साखर वाढलेल्या स्त्रीने बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आणि पुढे दरवर्षी तपासणी करायला हवी. बाळ सांभाळण्याच्या गडबडीत नेमकी हीच तपासणी राहून जाते.

एचबीए१सी वर किती विसंबावे?

गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगणारी ही तपासणी सोयीची आहे. ती दिवसाच्या कुठल्याही वेळी, जेवूनही करता येते. ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे पूर्वमधुमेह आणि ६.५ किंवा त्याहून अधिक म्हणजे मधुमेह, असे निकष आहेत. लक्षणे नसतील तर निदान पक्के करण्यासाठी ती पुन्हा करतात.

मात्र ही तपासणी तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनवर चिकटलेली साखर मोजते. त्यामुळे रक्ताचाच दोष असेल तर आकडा फसवतो. लोह कमी असल्याने झालेल्या अॅनिमियात तो खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. नुकताच मोठा रक्तस्राव झाला असेल, रक्त चढवले असेल किंवा पेशी लवकर नष्ट होत असतील, तर तो कमी येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत अॅनिमिया आढळला होता. त्यामुळे स्त्रियांचा एचबीए१सी ५.९ आला तर सोबत हिमोग्लोबिन पाहणे आणि गरज वाटल्यास ग्लुकोजची तपासणी करणे शहाणपणाचे.

रक्त देताना कोणती काळजी घ्यावी?

पहिली गोष्ट म्हणजे लॅबचे ‘उपाशीपोटी’ आणि आपला ‘उपास’ वेगळे. एकादशीच्या सकाळी साबुदाण्याची खिचडी किंवा केळे खाऊन गेलेला माणूस लॅबच्या हिशेबाने जेवूनच आलेला असतो. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. उपाशीपोटी म्हणजे ८ ते १२ तास पाण्याशिवाय काहीही नाही. ‘फक्त अर्धा कप चहा’ही नाही.

दुसरी गोष्ट नमुन्याची. तालुक्याच्या गावात अनेकदा रक्त गोळा केंद्रावर घेतले जाते आणि तपासणी विटा, कराड, सांगली किंवा पुण्याला होते. नळीतल्या रक्तपेशी जिवंत असतात आणि त्या साखर खात राहतात. साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातील साखर तासाला ५ ते ७ टक्के घटते. म्हणजे सकाळी ११० असलेली साखर दुपारी मशीनवर शंभराच्या खाली येऊ शकते आणि पूर्वमधुमेह ‘नॉर्मल’ ठरू शकतो. म्हणून साखरेसाठी फ्लुओराइड घातलेली, बहुधा करड्या टोपणाची नळी वापरतात. इन्सुलिनच्या नमुन्यात तांबड्या पेशी फुटल्या तर इन्सुलिन नष्ट होऊन आकडा खोटा कमी येतो. म्हणून हा नमुना लवकर वेगळा करून थंड ठेवावा लागतो. नमुना कधी आणि कुठे तपासला जातो, हे विचारण्याचा रुग्णाला हक्क आहे.

तिसरी गोष्ट, ताप, जंतुसंसर्ग किंवा शस्त्रक्रिया झाली असताना केलेल्या तपासणीवरून प्रतिरोध ठरवू नये. आजारपणात साखर आणि इन्सुलिन दोन्ही तात्पुरते वाढतात.

तपासणी कोणी आणि किती दिवसांनी करावी?

असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीवरील प्रत्येकाची तपासणी अपेक्षित आहे. आशा ताई घरी येऊन वय, तंबाखू, दारू, पोटाचा घेर, व्यायाम आणि घरातले आजार विचारून गुण भरतात. चारपेक्षा जास्त गुण मिळालेल्यांना आधी तपासणीला पाठवायचे असते. हा अर्ज ‘सरकारी कागद’ म्हणून उडवून न लावता खरी माहिती दिली, तर धोक्यातली माणसे एका पैशाचाही खर्च न करता निवडून काढता येतात.

आई-वडिलांपैकी कोणाला मधुमेह असेल, पोटाचा घेर जास्त असेल, रक्तदाब, पीसीओडी किंवा फॅटी लिव्हर असेल, तर तिशीची वाट पाहू नये. सर्व काही ठीक निघाले तर तीन वर्षांतून एकदा आणि पूर्वमधुमेह असेल तर वर्षातून एकदा तपासणी पुरते. मधुमेह असल्यास एचबीए१सी तीन ते सहा महिन्यांनी करतात. त्याआधी ती पुन्हा करण्यात अर्थ नाही, कारण तांबड्या पेशींचे आयुष्यच सुमारे १२० दिवसांचे असते. शक्यतो दरवेळी एकच लॅब ठेवावी आणि जुने रिपोर्ट फाइलला लावावेत. ८८, ९४, ९९ असा तीन वर्षांचा चढता क्रम प्रत्येक वेळी ‘नॉर्मल’ असतो, पण तिन्ही कागद शेजारी ठेवले की दिशा दिसते.

आकडे मागे फिरतात का?

फिरतात आणि त्याचा पुरावा भारतातलाच आहे. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चेन्नईतील गटाने पूर्वमधुमेह असलेल्या ५३१ जणांचा तीन वर्षे पाठपुरावा केला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, काहीही खास न केलेल्या गटातील ५५ टक्के जणांना मधुमेह झाला. आहार आणि चालण्याचा सल्ला नेटाने पाळणाऱ्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के, तर मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांत ४०.५ टक्के राहिले. म्हणजे चालणे आणि ताटातला बदल गोळीच्या बरोबरीने उपयोगी पडला. या अभ्यासातील माणसे निवडली गेली ती इन्सुलिन मोजून नव्हे, तर ७५ ग्रॅम ग्लुकोजच्या साध्या तपासणीवरून.

चालण्याचा उपयोग का होतो, याचेही कारण आहे. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर आत ओढून घेतो. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे चालले तरी स्वादुपिंडावरचा भार हलका होतो. पोट सुटलेल्याने वजन पाच ते सात टक्के कमी केले, तरी ट्रायग्लिसराइड आणि इन्सुलिन खाली येताना दिसते. बारीक अंगाच्या माणसाला मात्र ‘वजन कमी करा’ हा सल्ला उपयोगाचा नाही. त्याला स्नायू वाढवायला हवेत. त्यासाठी कष्टाचे काम किंवा व्यायाम आणि जेवणात डाळी, कडधान्ये, दूध-दही, अंडी किंवा मासे यांचा वाटा वाढवायला हवा. मेटफॉर्मिन कोणाला द्यायचे हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. ती गोळी दीर्घकाळ घेणाऱ्यांत बी-१२ कमी होते, त्यामुळे त्याचीही अधूनमधून तपासणी करतात.

पुढच्या शिबिरात ‘शुगर नॉर्मल’ असे ऐकल्यावर विचारण्यासारखे प्रश्न थोडेच आहेत. ही साखर उपाशीपोटीची की कधीचीही? मागच्या वर्षी किती होती? पोटाचा घेर किती आहे? घरात कोणाला मधुमेह आहे? यांतल्या दोन उत्तरांनी शंका आली, तर पुढची पायरी महागडे पॅकेज नाही. एक सकाळ मोकळी ठेवून करून घेतलेली उपाशीपोटीची आणि ग्लुकोजनंतरची साखर आणि सोबत लिपिड प्रोफाइल, एवढ्यावर बहुतेकांचे चित्र स्पष्ट होते.